पडद्यामागे चाळीस मिनिटं

‘दबा’ या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागातला ऑनलाइन खेळ कायमचा रद्द झाला. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी झाला, आणि बारा अकराला ताईने ठरवलं की तो झालेला नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. रद्द वगैरे काही झालेलं नाही. ताई कानाच्या दवाखान्यात, कान तपासायच्या खोलीबाहेर स्टुलावर बसली आहे. काचेपलीकडे एक निवृत्त ड्रायव्हर कानांवर हेडफोन लावून, हातात बटण धरून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला आहे. ताईच्या अ‍ॅप्रनच्या खिशात फोन एकदाच थरथरून गप्प झाला आहे. तिने तो काढून पाहिला आणि परत ठेवला. ड्रायव्हरच्या डाव्या कानात बारीक शिट्टी सोडली. त्याने बटण दाबलं. तिने कागदावर निळी फुली मारली. आणखी बारीक सोडली. दाबलं. फुली. मग तिने काहीच सोडलं नाही, नुसती थांबली, आणि ड्रायव्हरने पुन्हा बटण दाबलं. हे नेहमीचंच. वाट बघत बसलेल्या माणसाला न झालेला आवाजही ऐकू येतो. असल्या दाबण्याला दवाखान्यात ‘उगीचचं बटण’ म्हणतात आणि ते मोजत नाहीत. बारा वर्षांच्या नोकरीत ताईने हजारो उगीचची बटणं न मोजता सोडून दिली होती. आज मात्र ती ड्रायव्हरकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. हा माणूस बटण दाबून इतका समाधानाने बसला होता की त्याला सांगायला जायचं तरी कुणी.

खेळाचं खरं नाव लांबलचक आणि परकं होतं. आईला ते कधीच उच्चारता आलं नाही, म्हणून घरात त्याला पहिल्या दिवसापासून ‘दबा’. काळ्या कपड्यांतला एक माणूस कुणाच्या तरी मोठ्या घरात शिरतो, पडद्यांमागे उभा राहतो, कपाटांत बसतो, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत एखादा कागद उचलतो आणि बाहेर पडतो. मारामारी करायची नाही. केली तर खेळ काही बोलत नाही, फक्त शेवटी तुमच्या नावापुढे शून्य लिहितो, आणि ते शून्य फार बोलकं असतं. कागदात काय लिहिलेलं असतं हे शेवटपर्यंत कळत नाही. वडिलांनी एकदा तासभर मागे उभं राहून सगळं बघितलं आणि विचारलं, “एवढे कष्ट घेतोय, तर हा सरळ कामाला का लागत नाही?” ताईचा धाकटा भाऊ म्हणाला, “हे कामच आहे बाबा त्याचं.” वडील म्हणाले, “मग पगारी रजा कधी असते त्याला?” आणि आत गेले. खेळ एकट्याने खेळायचा होता, पण त्या घरात तो कायम दोघांनी खेळला. रिमोट धाकट्याच्या हातात आणि कान ताईचे. ती त्याच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून बसायची, कारण दिसलं की ऐकू कमी येतं असं तिचं म्हणणं. “लाकडावर आहे. डावीकडे. दोन पावलं. थांबला.” “गेला?” “गेला नाही, थांबलाय. श्वास घेतोय. आता सतरंजीवर आला.” “ताई, सतरंजीवर आवाज येत नाही.” “म्हणून तर म्हणते, सतरंजीवर आला.” आठ वर्षांनी लहान असलेला हा भाऊ तिला ताई म्हणायचा, त्याचं ऐकून आई म्हणायला लागली, मग वडील, मग बिल्डिंग. दवाखान्यात मुलाखतीच्या दिवशी डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा तिला दोन सेकंद आठवावं लागलं होतं. आता डॉक्टरही ताईच म्हणतात. ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत.

ड्रायव्हर गेला. पुढच्या खुर्चीत एक गवंडी आला, त्याच्या मागून शाळेतल्या एक बाई. फोन खिशात होता आणि त्याचं वजन वाढल्यासारखं वाटत होतं, जे शक्य नाही हे ताईला ठाऊक होतं. बातमी तिने एकदाच वाचली होती, पण ती शब्दन्‌शब्द पाठ झाली होती. दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या खेळ बनवणाऱ्या कंपनीने लिहिलं होतं की बराच विचार करून, जड अंतःकरणाने, आणि आपल्या चाहत्यांबद्दलच्या नितांत आदरापोटी त्यांनी हा निर्णय घेतला आहे. आदरापोटी कुणी काही रद्द करतं हे ताईला नवीन होतं. तिच्या वडिलांचा आदर करणारे पुष्कळ लोक होते, पण ते आले की निदान चहा पिऊन जायचे. खाली एक चौकट होती. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, इथे लिहा, हजार अक्षरांत. ती चौकट तिने बघितली नव्हती असंही तिने ठरवलं. शाळेतल्या बाईंच्या उजव्या कानात उंच आवाज पोचत नव्हते. ताईने लाल गोळे खाली खाली काढत नेले. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “वर्गात हल्ली पोरं शहाणी झाल्यासारखी वाटतात, त्याचं कारण हे होय.” ताई हसली. हसताना तिला जाणवलं की जबडा दुखतोय, म्हणजे बारा अकरापासून ती दात आवळून बसली होती.

या खेळाची एवढी वाट का बघायची, हे बाहेरच्या कुणाला सांगायला गेलं की ते हास्यास्पद होतं, म्हणून ताईने कधी कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यातल्या रिसेप्शनवालीला एकदा तिच्या फोनवर खेळाच्या बातम्या दिसल्या होत्या. ती म्हणाली, “ताई, तुम्ही आणि गेम? मला वाटलं तुम्ही लोणी पण आवाज न करता लावता ब्रेडला.” “म्हणूनच,” ताई म्हणाली, आणि विषय मिटला. खरी गोष्ट अशी की धाकटा आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. भांडण झालं नाही, चिठ्ठी ठेवली नाही, कपाटातले चार कपडे आणि चार्जर एवढंच कमी झालं होतं. दीड वर्षाने वडील गेले, झोपेत, सरळ उताणे, कुणाला त्रास न देता. त्यांना कळवायला धाकट्याचा नंबर लागला नाही. आणि मग आणखी अडीच वर्षांनी, ज्या दिवशी कंपनीने जाहीर केलं की ‘दबा’चा दुसरा भाग येतोय आणि त्यात घरोघरी बसून चारजणांनी एकत्र लपायचा ऑनलाइन खेळ असेल, त्या संध्याकाळी ताईच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून एक ओळ आली. ‘ताई, ऑनलाइन आलं की भेटू. चारजण लागतात.’ बाकी काही नाही. कसा आहेस, कुठे आहेस, जेवतोस का, हे सगळं ताईने लिहिलं आणि पुसलं. मग ‘बाबा गेले’ एवढंच लिहिलं. ते दोन शब्द ती बराच वेळ बघत बसली. त्याने चार मोजले होते. म्हणजे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे तो वडिलांनाही खेळायला घेत होता. पहारेकऱ्यांना चुकवायला तो वडिलांना आपल्या बाजूने उभं करत होता. तिने ‘बाबा गेले’ पुसलं आणि लिहिलं, ‘हो. चार.’ संदेश पोचला. वाचल्याची खूण मात्र कधीच आली नाही. आता तो नंबर माशांच्या काचपेट्या विकणाऱ्या एका बाईंकडे आहे. त्या स्वभावाने चांगल्या आहेत. महिन्यातून एकदा नव्या माशांचे फोटो पाठवतात. ताई ‘छान’ म्हणते.

ती ओळ तिने आईला वाचून दाखवली ही तिची चूक, पण न दाखवणं तिच्याच्याने झालं नसतं. आईने ती ओळ ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, “कधी आहे ते?” जसं काही लग्नाची तारीख. तेव्हापासून आई त्या कंपनीची अशी खबर ठेवते की तिथल्या नोकरांनाही तेवढी नसेल. पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा आई म्हणाली, “करू दे नीट. अर्धवट घेऊन काय करायचंय.” दुसऱ्यांदा पुढे गेली तेव्हा म्हणाली, “त्यांचा तो मुख्य माणूस सोडून गेला ना, त्याचं झालंय हे.” गेल्या वर्षी दुसरा भाग आला, पण ऑनलाइनशिवाय. ऑनलाइन नंतर, असं खाली लिहिलं होतं, लवकरच. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेलरबाईंना जिन्यात सांगत होती, “आधी एकट्याचा भाग देतात हो, मग सर्व्हर बघून बाकीचा. तसंच असतं ते.” टेलरबाई सर्व्हर म्हणजे वाढपी समजल्या आणि म्हणाल्या, “हल्ली माणसं मिळतच नाहीत.” आई म्हणाली, “तेच ना.” रोज सकाळी चहाच्या कपासोबत आई कंपनीचं पान उघडायला लावायची. ताई वाचायची, लवकरच. आई मान हलवायची आणि कप धुवायला जायची. फक्त एकदा तिने विचारलं होतं, “चारजण म्हणतेस तू. तो, तू, मी. चौथा कोण?” तिने ताईला नव्हे, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला विचारल्यासारखं विचारलं होतं. ताई म्हणाली, “चौथा कंपनी देते. कुणीतरी अनोळखी.” “चांगला असला म्हणजे झालं,” आई म्हणाली.

तीन वाजता आई दवाखान्यात आली. हे आधीच ठरलेलं होतं आणि बातमीशी त्याचा संबंध नव्हता. टेलरबाई महिनाभर तक्रार करत होत्या की दुपारी तुमची आई दार उघडत नाही, बेल वाजवून वाजवून माझं बोट दुखलं, पार्सलवाला माझ्याकडे सामान टाकून जातो, त्यांचे कान गेले की काय बघा. ताईने स्वतःच्या घरातला बहिरेपणा ओळखला नाही याची तिला लाज वाटली होती. आईने इस्त्री केलेली साडी नेसली होती आणि पर्स पोटाशी धरली होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “या, या. तुमच्या मुलीने अर्ध्या गावाचे कान तपासले, तुमचेच राहिले.” आई म्हणाली, “माझं ती ऐकते कुठे, कान तपासायला.” डॉक्टर खूश होऊन आत गेले. ताईने आईला आतल्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, केसांचा काटा टोचत नाही ना बघितलं. “बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही.” “अंदाजाने कशाला दाबू,” आई म्हणाली. जाड दार बंद झालं. त्या खोलीत गेलं की जगाचा आवाज कापसात बुडतो. रोज हजार वेळा ते दार लावणाऱ्या ताईला आज पहिल्यांदाच आत कुणाला तरी एकटं सोडल्यासारखं वाटलं.

आईचा कान उत्तम निघाला. ताईने आवाज बारीक, आणखी बारीक, मग इतका बारीक केला की तिला स्वतःला तो आला नसता, आणि आईचं बटण दर वेळी बरोबर दाबलं गेलं. फुल्या आणि गोळे कागदाच्या वरच्या कडेला ओळीने बसले, विशीतल्या पोरीसारखे. मग उजवा कान संपला आणि ताईने हात यंत्रावरून काढला, आणि आईने बटण दाबलं. ताईने बघितलं. काहीच सोडलं नव्हतं. आईने पुन्हा दाबलं. मग जरा थांबून पुन्हा. दोन जवळजवळ, एक उशिरा. दोन, एक. दोन, एक. आईचे डोळे मिटलेले होते. ही चाल ताईच्या ओळखीची होती. वडील वीज मंडळात मीटर वाचायचे. तीस वर्षं लोकांचे जिने चढून त्यांचा उजवा गुडघा गेला होता, आणि जिना चढताना त्यांची दोन पावलं पटकन पडायची, मग तिसरं थांबून. बिल्डिंगच्या तळाला ते पहिल्या पायरीवर आले की तिसऱ्या मजल्यावर ताईला कळायचं, आणि ती धाकट्याला खेळातल्यासारखंच म्हणायची, आला. मग रिमोट कपाटात आणि वही मांडीवर.

त्या दिवशी तिने म्हटलं नाही. या वाक्याभोवती ताईची आठ वर्षं गेली होती. दिवसभर माणसं जिथं जातात तिथं ती जात होती, बस पकडत होती, आलेख काढत होती, पण राहत होती त्या वाक्यात. धाकट्याने कॉलेज सोडून दिलेलं होतं आणि घरात सांगितलं नव्हतं. चौदा महिने तो रोज सकाळी डबा घेऊन, बॅग लावून निघायचा, आणि खाली जाण्याऐवजी वर जायचा. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सावली असायची, तिथं बसायचा. पाच वाजता परत यायचा आणि चेहरा थकल्यासारखा करायचा, आणि खरंच थकलेला असायचा. ताईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, कारण पावलं खाली गेली नाहीत, वर गेली. ती गप्प राहिली. चौदा महिने ती त्याची पहारेकरी होती, उलट्या बाजूची. मग एका सकाळी अकराला, तिची दुपारची पाळी होती म्हणून ती घरी असताना, वडील अवेळी घरी आले. हातात कॉलेजचं पत्र होतं. ओरडले नाहीत. “कुठंय तो?” एवढंच विचारलं. ताईने फक्त छताकडे बघितलं. ते बघणं पाव सेकंदाचं असेल. पहारेकऱ्यांनी हेरावं तसं वडिलांनी ते हेरलं आणि ते जिन्याकडे वळले. वर चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. ताईच्या हातात फोन होता, धाकट्याचा नंबर सगळ्यात वर होता, एक रिंग दिली असती तरी पुरे होतं. दोन, एक. दोन, एक. तिने ऐकत ऐकत चव्वेचाळीसपर्यंत मोजलं आणि रिंग दिली नाही. का दिली नाही याची तिने पुढे पुष्कळ कारणं तयार केली. त्यातली काही चांगली होती. वर काय झालं ते कुणालाच माहीत नाही. अर्ध्या तासाने दोघं खाली आले, डबा रिकामा होता, आणि दोघांच्या बोटांना एकाच भाजीचं तेल होतं. वडील म्हणाले, “वर वारा चांगला असतो.” धाकटा तोंड धुवायला गेला. जाताना त्याने ताईकडे बघितलं, रागाने नाही, खेळात भाग हरल्यावर तो तिच्याकडे बघायचा तसं, म्हणजे, तुला ऐकू आलं नाही का. पाचव्या दिवशी सकाळी तो नव्हता.

म्हणून ऑनलाइन. घरोघरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांचं तोंड न बघता. तिला क्षमा वगैरे मागायची नव्हती, ती कशी मागतात हे तिला येत नव्हतं. तिला फक्त एकदा त्याच्या बाजूला, अंधाऱ्या कुठल्यातरी खोट्या घरात, पडद्यामागे उभं राहून, पावलं ऐकून, वेळेवर म्हणायचं होतं, आला. आणि मग, सगळे सुखरूप बाहेर पडले की, बाबांचं सांगायचं होतं. या क्रमानेच. चार वर्षं ती बसमध्ये, भाजीच्या रांगेत, दात घासताना त्या क्रमाची उजळणी करत होती.

दार उघडून ती आत गेली आणि आईच्या कानांवरून हेडफोन काढले. “आई, शेवटी तू उगीच दाबत होतीस. आवाज नव्हता.”

“होता.”

“मी सोडलाच नाही.”

“तू नाही सोडलास,” आई म्हणाली. “आतला होता. छातीतला असेल. जिना चढल्यासारखा येत होता.” मग पर्स उघडून, रुमाल शोधत, खाली बघत म्हणाली, “त्या दिवशी पण आला होता मला. मी इस्त्री करत होते. हे वर चाललेत कळलं. गॅलरीत जाऊन वर हाक मारायची, एवढंच होतं. शर्ट जळेल म्हणून गेले नाही.”

ताई खाली वाकून हेडफोनची वायर गुंडाळत होती. ती गुंडाळून झाली तशी तिने ती सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली. “तुला माहीत होतं तो वर बसायचा?”

“डबा कोण भरायचं?” आई म्हणाली. “उन्हात आंबेल असं काही द्यायचे नाही मी.”

बाहेर रिसेप्शनवाली कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की ऐकू येत नसेल तर फोन करू नका, प्रत्यक्ष या. ताईने शेवटी विचारायचं ते विचारलं. “कान एवढे चांगले आहेत, मग दुपारी बेल वाजते तेव्हा दार का उघडत नाहीस?” आईने पहिल्यांदा जरा ओशाळं तोंड केलं. “मी लपलेली असते,” ती म्हणाली.

साडेपाचला दोघी घरी पोचल्या. आईने साडी न बदलता टीव्ही लावला, धाकट्याचं जुनं यंत्र सुरू केलं आणि पहिला ‘दबा’ काढला. आवाज तिने बंद ठेवला होता, टेलरबाईंना कळू नये म्हणून. मोठं घर, दालन, खिडकीला लांब जांभळा पडदा. आईचा काळ्या कपड्यांतला माणूस दारातून आत आला, दोनदा भिंतीवर आपटला, एकदा फुलदाणीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग पडद्यामागे गेला. तिथंच थांबला. पहारेकरी आला, गेला. दुसरा आला, गेला. कंदील हलला. आई रिमोट दोन्ही हातांनी, गरम भांडं धरावं तसा धरून बसली होती. “आता?” ताईने विचारलं. “आता काय?” “पुढे कधी जायचं?” “पुढे जायचं नाही,” आई म्हणाली. “पुढं गेलं की सापडतात. मी चाळीस मिनिटं राहिलेय एकदा. पार्सलवाला आला होता तेव्हा पस्तिसावं चाललं होतं. अजून एकदाही सापडले नाही मी.” पडद्यावर, कोपऱ्यात, आईची आजवरची सगळी मिनिटं जमा दिसत होती, तीनशे सहा तास. खेळाने तिला एकही गुण दिलेला नव्हता, पण शून्यही दिलेलं नव्हतं. त्या रकान्यात नुसती रेघ होती, खेळ बनवणाऱ्यांना असं कुणी करेल हे सुचलंच नसावं. “ऑनलाइनला तुम्ही दोघं पळापळ करा,” आई म्हणाली. “मी एका जागी उभी राहीन. कुणीतरी घरी असलं पाहिजे.” पहारेकरी परत येत होता. आवाज बंद असल्यामुळे तो येतोय हे ताईला फक्त दिसत होतं, आणि दिसणाऱ्या गोष्टींची तिला सवय नव्हती. तो पडद्याच्या अगदी जवळ उभा राहिला. जुना खेळ, त्याचा चेहरा चौकोनी चौकोनी. तो दमलेला वाटत होता. “आला,” ताई हळूच म्हणाली. आईने श्वास धरला. पहारेकरी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. आईने श्वास सोडला आणि म्हणाली, “हे बरं झालं. तू असलीस की बरं पडतं.”

मग टीव्हीवरची नजर न काढता तिने रोज सकाळी विचारायचा प्रश्न विचारला. आज सकाळी दवाखान्याच्या गडबडीत तो राहून गेला होता. “आज काय म्हणतात कंपनीवाले?”

ताईने फोन काढला. पान उघडलं. तिथं तो शब्द होता. बारा दहाला जेवढा मोठा होता तेवढाच होता, दुपारभर तिने त्याला न झालेला धरल्याने त्याच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. रद्द. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “लवकरच.”

आईने मान हलवली. पहारेकरी लांबच्या दारातून पुन्हा आत येत होता. ताईने अंगठ्याने पान खाली सरकवलं, ती चौकट आली, आणि आईच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून तिने लिहायला घेतलं. दवाखान्यात बारा वर्षं वरच्या ऑफिसला कागद पाठवून तिला एकच भाषा नीट लिहिता यायची, ती तिने वापरली.

‘प्रति, ऑनलाइन विभाग. विषय : आपल्या पानावरील एक शब्द बदलून मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, आपण सदर ऑनलाइन खेळ तयार करावा असा अर्जदाराचा आग्रह नाही. त्यासाठी माणसे, यंत्रे अथवा वेळ खर्ची घालू नये. केवळ पानावरील ‘रद्द’ हा शब्द काढून त्या जागी पूर्वीचा ‘लवकरच’ हा शब्द पूर्ववत बसवावा. कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य (आई, वय ६८, दोन्ही कान उत्तम) हयात असेपर्यंत तो काढू नये. तारीख देऊ नये. दिल्यास ती दर वर्षी पुढे ढकलावी, कारण देण्याची आवश्यकता नाही. सदर विनंती मान्य करणे आपणास शक्य नसल्यास तसे कृपया कळवू नये. अर्ज विचाराधीन आहे, एवढेच कळवावे, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा कळवत राहावे.’